दोघी, एक गाडी आणि चार रात्री

 

आज आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत. पार युरोपात. विमानानं नाही, मोटारीनं. आणि मोटार कसली, तर बसायला जेमतेम दोन जागा, पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नाही, आणि पुढचं नाक एवढं लांब की चालवणारी मागच्या चाकांजवळ बसल्यासारखी दिसते. शर्यतीची गाडी. हिच्यात बसून दोन मैत्रिणी चार दिवस आणि चार रात्री डोंगरदऱ्यांतून फिरल्या. साल होतं 1960.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचं काय? तर आपल्या गटांच्याही सहली निघतात. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर. पैसे आपण जमवतो, डबे आपण बांधतो, कुणाची सासू आजारी, कुणाचं पोर लहान, हे सगळं आपण जमवून आणतो. आणि गाडी निघते तेव्हा पुढच्या सीटवर बसतो कुणीतरी भाऊ नाहीतर दाजी. कुठं थांबायचं, कधी निघायचं, चहा कुठं प्यायचा, हे तो ठरवतो. आम्ही आपसात हे बोलत होतो, आणि बोलता बोलता या दोघींची गोष्ट निघाली.

पण त्या दोघींच्याही आधी एका बाईचं नाव घ्यायला हवं, कारण लांबच्या मोटारप्रवासाची सुरुवातच तिनं केली. बर्था बेंझ तिचं नाव, जर्मनीतली. नवऱ्यानं, कार्ल बेंझनं, 1886 साली मोटारीचा हक्क नोंदवला होता. त्याच्या धंद्यात सुरुवातीला पैसा लागला तेव्हा बर्थाच्या हुंड्याचा पैसा कामी आला होता. गाडी तयार झाली, पण लोक विकत घेईनात. त्यांना ते एक खेळणं वाटे. मग 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्थानं नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, 15 आणि 13 वर्षांचे दोन मुलगे सोबत घेतले आणि मानहाइम गावाहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर साधारण 106 किलोमीटर. पेट्रोल पंप नव्हतेच तेव्हा. डाग काढायला वापरतात तसलं एक द्रव्य औषधाच्या दुकानात मिळे, ते वाटेत विझलॉख गावच्या औषधवाल्याकडून घेऊन तिनं टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. चढाला मुलांनी गाडी ढकलली. उताराला ब्रेक झिजले, तर एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. सांगायचं हे की, माहेरी जायचं निमित्त करून या बाईनं नवऱ्याचा माल चालतो हे साऱ्या मुलखाला दाखवून दिलं. आणि घरी आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा हेही ध्यानात आणून दिलं. हुशार होती.

आता आपल्या दोघींकडे येऊ.

पहिली पॅट मॉस. जन्म 1934 चा, इंग्लंडमधला. घर खाऊनपिऊन सुखी, हे आधीच सांगून टाकतो. वडील दातांचे डॉक्टर आणि मोटारींचे शौकीन, आईही शर्यतींत उतरलेली. थोरला भाऊ स्टर्लिंग मॉस तर पुढं जगातल्या नामांकित शर्यतवाल्यांपैकी एक झाला. पॅट अकरा वर्षांची असताना त्यानंच तिला गाडी शिकवली. पण तिचं मन होतं घोड्यांत. घोड्यावरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत ती नाव कमावून होती. मोटारीच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा गेली 1953 मध्ये, भावाच्या व्यवस्थापकासोबत, तीही चालवायला नाही. नकाशा बघून रस्ता सांगायला.

तिथून तिला गोडी लागली. तिनं स्वतःची ट्रायम्फ गाडी घेतली. 1955 मध्ये एका मोठ्या स्पर्धेसाठी तिनं ट्रायम्फ बनवणाऱ्या कंपनीला विचारलं, की गाडी माझी, तुम्ही निदान खर्च द्या. कंपनी नाही म्हणाली. तेव्हा एमजी या दुसऱ्या कंपनीनं गाडीही दिली आणि खर्चही. पुढची कितीतरी वर्षं पॅट त्याच घराण्याच्या गाड्या चालवून बक्षिसं आणत राहिली. ट्रायम्फवाल्यांनी नंतर कपाळाला हात लावला असेल की नाही, कोण जाणे.

दुसरी अ‍ॅन विझडम. तिला सगळे 'विझ' म्हणत. तिची आई एल्सी विझडम शर्यतीतली पक्की खेळाडू. 1932 मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स मैदानावर हजार मैलांची शर्यत होती, ती एल्सीनं जोन रिचमंड या दुसऱ्या बाईच्या साथीनं जिंकली होती. म्हणजे दोन बायांनी मिळून गाडी पळवणं अ‍ॅनच्या घरात नवीन नव्हतं.

या दोघींची जोडी जमली. पॅट चालवणार, अ‍ॅन रस्ता सांगणार, आणि पॅटला झोप आवरेनाशी झाली की अ‍ॅन चाक हातात घेणार.

आता रॅली म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडं रॅली म्हटलं की झेंडे, घोषणा आणि ट्रकमध्ये कोंबलेली माणसं. ही रॅली वेगळी. रोजच्या वाहतुकीचे रस्ते, त्यावर ठिकठिकाणी वेळेच्या चौक्या. अमुक चौकीवर अमुक वाजून अमुक मिनिटांनी हजेरी लावायची. जितकी मिनिटं उशीर तितका दंड, आणि फारच उशीर झाला तर स्पर्धेतून बाद. शेवटी ज्याचा दंड सगळ्यांत कमी, तो पहिला. नुसतं गाडी सुसाट सोडून भागत नाही. एक वळण चुकलं, चुकीच्या खिंडीत शिरलात, की गाडी कितीही जोरात असो, खेळ संपला. म्हणून रस्ता सांगणारीचं काम चालवणारीइतकंच मोठं. मांडीवर वही, हातात घड्याळ, अंधारात छोट्या दिव्याचा उजेड आणि गाडी खडखडतेय. त्यात बोट न हलवता ओळ धरून ठेवायची. दळणाच्या डब्यावर चिठ्ठी ठेवून एसटीत हिशेब लिहून पाहा, म्हणजे थोडी कल्पना येईल.

बायकांना दिशा कळत नाहीत असं म्हणणारे दोन-चार जण प्रत्येक गावात असतात. त्यांना अ‍ॅनचं नाव सांगा.

तर सगळ्यांत अवघड रॅली कोणती, असं त्या काळी चालवणाऱ्यांना विचारलं असतं तर बहुतेकांनी एकच नाव घेतलं असतं: लिएज–रोम–लिएज. लिएज हे बेल्जियम देशातलं शहर. 1931 पासून तिथून ही स्पर्धा निघे. नावात रोम असलं तरी 1960 च्या सुमाराला गाड्या रोमला जातच नसत. युगोस्लाव्हियाच्या कच्च्या, धुरळ्याच्या रस्त्यांवरून, इटलीच्या आणि फ्रान्सच्या आल्प्स डोंगरांतून घाटामागून घाट ओलांडून लिएजला परत. सुमारे 5 हजार किलोमीटर, आणि मुक्काम जवळजवळ नाहीच. चार दिवस, चार रात्री चालतच राहायचं. संयोजक मॉरिस गारो इतके कडक, की एकच गाडी परत आली तर त्यांना स्पर्धा मनासारखी झाली असं वाटे, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

त्यातल्या घाटांची थोडी कल्पना देतो. इटलीत स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, उंची 2,757 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्याही कितीतरी वर हा गाडीरस्ता जातो. 1820 ते 1825 या वर्षांत ऑस्ट्रियाच्या बादशहानं तो बांधून घेतला. एका बाजूनं चढताना 48 वळणं, सगळी अशी की गाडी उलट्या दिशेला तोंड करते. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला दगड. त्याच भागातली गाव्हिया खिंड उंचीनं थोडी कमी, पण त्या काळी रस्ता अरुंद, कच्चा, आणि बाजूला कठडाही धड नाही. हे सगळं दिवसा, ताज्या डोळ्यांनी करायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. या स्पर्धेत ते रात्रीअपरात्री करायचं, दोन-तीन दिवसांची झोप राहिलेली असताना.

गाडी होती ऑस्टिन-हीली 3000. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद भरपूर, पण गाडीचा स्वभाव तापट. बूड खाली असल्यामुळं खराब रस्त्यावर धुराची नळी दगडांवर घासायची. इंजिनाची धग थेट पायांवर येई, आत बसलेल्यांची भट्टी होई. ओल्या रस्त्यावर जरा जास्त दाबलं की मागचा भाग आपला आपण फिरायला निघाला. पॅटला या गाडीची भीती वाटे, आणि तिनं ते कधी लपवलं नाही. ती भीती बाळगूनच ती गाडी चालवायची. आम्हाला हे फार आवडलं. घाबरत नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या मागे बसण्यापेक्षा भीती काय असते ते माहीत असलेल्या ड्रायव्हरच्या मागे बसलेलं बरं.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडं. पण समुद्र ओलांडून युरोपात उतरलं की सगळी वाहतूक उजव्या बाजूनं. मग उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी घेऊन गेलेल्या माणसाला पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल तर समोरून काय येतंय ते दिसतच नाही. दिसतं ते शेजारी डावीकडं बसलेल्याला. तो म्हणणार, थांब, बस येतेय. थांब. हं, आता जा. आणि या 'जा' वर चालवणाऱ्यानं पाय दाबायचा. आजही इंग्लंडमधून जुन्या गाड्या घेऊन मित्रमैत्रिणी युरोप फिरायला निघतात, त्यांचा अर्धा प्रवास या 'थांब' आणि 'जा' वर चालतो. नवरा-बायको असतील तर भांडणंही तिथंच होत असणार.

तर 1960 चा ऑगस्ट संपता संपता ऐंशीच्या आसपास गाड्या लिएजच्या त्या स्पर्धेत निघाल्या. कारखान्यांच्या खास तयार केलेल्या गाड्या, नावाजलेले पुरुष चालक. पॅट आणि अ‍ॅनच्या कंपनीचे मिस्त्री ठरलेल्या ठिकाणी सुटे भाग, टायर, तेल घेऊन थांबलेले असत. गाडी आली की हात काळे करून कामाला लागायचे, आणि तेवढ्या मिनिटांत दोघींनी काय खाता येईल ते खायचं, तोंडावर पाणी मारायचं. बाकी झोप गाडीतच, आळीपाळीनं. एक जागी, एक निजलेली. बाळंतिणीच्या खोलीत रात्र काढलेल्या आयांना आणि मावश्यांना ही पाळी आम्ही काय समजावणार. एकीनं डोळा लावायचा तो दुसरीवर भरवसा ठेवून. तो भरवसा नसेल तर झोप लागत नाही, आणि झोप नाही लागली तर तिसऱ्या रात्री घाटात डोळ्यांपुढं नसलेली झाडं दिसायला लागतात.

वाटेत गाड्या गळत गेल्या. कुणाचं इंजिन गेलं, कुणाला उशीर झाला, कुणी रस्ता सोडून खाली. चार दिवसांनी बेल्जियममध्ये परतलेल्या गाड्या मोजल्या तर तेरा. आणि त्या तेरात पहिला नंबर पॅट मॉस आणि अ‍ॅन विझडम यांचा.

इथं आम्हाला जरा थांबायचंय. त्या काळी या रॅल्यांमध्ये बायकांसाठी वेगळा चषक असे, 'महिला चषक'. भाग घेतलेल्या बायांत जी पुढं, तिला तो मिळे. सगळ्यांत ती तिसावी आली तरी चालेल. या चषकाचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. त्याच्यामुळं कंपन्यांना वाटे, एखादी बाई गाडीत बसवली तर निदान तो चषक येईल, वर्तमानपत्रात नाव येईल. म्हणून बायांना चांगल्या गाड्या मिळाल्या, खर्च मिळाला, सराव मिळाला. दार त्यानं उघडलं. पण त्याच चषकानं एक सवयही लावली. बाया आल्या की लोक वेगळ्या यादीत बघायचे. बायकांमध्ये कितवी? चांगली चालवते हो, बायकांच्या मानानं.

पॅट काही एकदम पहिली आली नव्हती. 1958 मध्ये याच स्पर्धेत ती आणि अ‍ॅन चौथ्या आल्या होत्या. पण चौथा नंबर लोक विसरतात आणि महिला चषक तेवढा लक्षात ठेवतात. 1960 मध्ये तसं करायला जागाच उरली नाही. महिलांची यादी काढा नाहीतर सगळ्यांची काढा, वर त्याच दोघी. या रॅलीत बायकांच्या जोडीनं पहिला नंबर काढल्याची ही पहिलीच वेळ.

आपल्या ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांना राखीव आहेत. त्या राखीव जागांमुळंच आपल्यातल्या कितीतरी जणी आज खुर्चीवर बसतायत, आणि ते सोडायचं नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. पण खुल्या जागेवर बाईनं अर्ज भरला की गावात काय बोललं जातं तेही आपण ऐकलंय. "तुम्हाला तुमच्या जागा आहेत ना?" हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय त्यांना त्या तेरा गाड्यांच्या यादीतल्या वरच्या दोन नावांचं वजन वेगळं सांगायला नको.

पुढं काय झालं ते थोडक्यात. 1962 मध्ये दोघींनी मिनी कूपर या चिमुकल्या गाडीतून हॉलंडची ट्युलिप रॅली जिंकली. त्या गाडीचं हे पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय यश. याच सुमारास अ‍ॅनचं लग्न झालं, तिला दिवस राहिले, आणि तिनं स्पर्धा सोडली. पॅटनं दुसऱ्या साथीदारणी घेतल्या आणि चालवत राहिली. 1963 मध्ये तिचं लग्न झालं एरिक कार्लसन या स्वीडिश चालकाशी. हा इतक्या वेळा गाडी पलटी करी की लोक त्याला 'छपरावरचा एरिक' म्हणत. लग्नानंतरही पॅटचं नाव स्पर्धेच्या यादीत येत राहिलं. युरोपची महिला विजेती ती एकंदर पाच वेळा झाली. 2008 मध्ये ती वारली. आणि तिच्या त्या विजयानंतर एकवीस वर्षांनी, 1981 मध्ये, फ्रान्सच्या मिशेल मूताँनं इटलीची सॅन रेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणारी ती पहिली बाई. तिच्या शेजारी रस्ता सांगायला बसली होती इटलीची फाब्रित्सिया पोन्स. पुन्हा दोघीच.

लिएजची ती स्पर्धा मात्र रस्त्यावर फार काळ टिकली नाही. 1961 पासून तिला बल्गेरियातल्या सोफियापर्यंत नेलं, पण युरोपात गाड्या वाढल्या, लोक सुट्टीला बाहेर पडू लागले, आणि भर रहदारीत रात्रंदिवस गाड्या पळवणं धोक्याचं झालं. 1964 नंतर ती जर्मनीतल्या बंद शर्यतमार्गावर नेली. हे योग्यच झालं असं आम्हाला वाटतं. रस्ता सगळ्यांचा असतो, शाळेतून येणाऱ्या पोराचा आणि गुरं घेऊन परतणाऱ्या आजीचाही. चार रात्री न झोपता चालवणं हे कौतुकानं ऐकायचं, करायचं नाही. लग्नाच्या सीझनमध्ये पहाटे पहाटे परतणाऱ्या आपल्या क्रूझर आणि टेम्पोंबद्दल वेगळं काय सांगायचं.

पण घाट आहेत तिथंच आहेत, आणि त्या काळच्या गाड्याही लोकांनी जपून ठेवल्यात. हीलीसारख्या गाड्या आता महाग झाल्यात, पण हौशी माणसं त्या स्वतः दुरुस्त करतात, उन्हाळ्यात बर्फ वितळून खिंडी उघडल्या की मित्रमैत्रिणींचा जथा घेऊन निघतात. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला नंबरपाटीवर वेगळं अक्षर मिळतं. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या रस्त्यांसाठी पास घ्यावा लागतो. जुन्या गाड्यांच्या रॅल्या आता वेगाच्या कमी आणि नेमकेपणाच्या जास्त झाल्यात. ठरलेल्या सरासरीनं, ठरलेल्या मिनिटाला पोचायचं, ना आधी ना नंतर. म्हणजे अ‍ॅन विझडमचं जे काम होतं, ते आता खेळाचा मुख्य भाग झालं. इटलीत मिल्ले मिल्या नावाची जुनी शर्यत ब्रेशियाहून रोमला आणि परत अशी जाई, ती आता अशीच चालते. 1927 ते 1957 या काळात त्या मूळ शर्यतीत धावलेल्या जातीच्याच गाड्यांना तिथं प्रवेश. त्यात आजीबाईही स्टिअरिंगवर असतात, आणि शेजारी नात रस्ता सांगत असते.

तर मैत्रिणींनो, वेळ संपत आली. तुमच्यापैकी ज्यांनी स्कूटी, रिक्षा, ट्रॅक्टर नाहीतर जीप चालवायला घेतलीय, किंवा ज्यांच्याकडं लायसन आहे पण ते पेटीत साडीखाली पडलंय, त्यांनी केंद्रावर निरोप पाठवा. पुढच्या भागात लायसन काढायला काय काय कागद लागतात आणि परीक्षेत काय विचारतात, ते आम्ही सविस्तर सांगणार आहोत. पेन आणि वही जवळ ठेवा. रामराम.